गिटारचे नॉब दहावरून खाली आणा, मग खर्चाचं बोलू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या अंकात एका पालकांचं पत्र आलं आहे. पोराच्या हट्टापायी दिवाळीत इलेक्ट्रिक गिटार घेतली, पाठोपाठ तिचा आवाज मोठा करणारा अँप घेतला, आणि आता पोरगं म्हणतंय, 'टोन येत नाही.' क्लासवाले म्हणतात पिकअप (तारांचा आवाज उचलणारी गिटारवरची कॉइल) बदला, दुकानवाले म्हणतात प्रोसेसर (तऱ्हेतऱ्हेचे आवाज काढून देणारा डबा) घ्या. 'हे वाद्य आहे की हप्ता?' असं त्यांनी वैतागून विचारलंय. वैताग बरोबर आहे. पण शेवटी 'इलेक्ट्रिक गिटार म्हणजे नुसता गोंगाट, त्यापेक्षा पोरांना सतार शिकवा' असा जो निकाल त्यांनी देऊन टाकलाय, तो मला मान्य नाही. म्हणून हे पत्र.

माझा धंदा मोटार रिवाइंडिंगचा. शिवाजी उद्यमनगरात लेथच्या, कंप्रेसरच्या, शेतावरच्या पंपाच्या जळालेल्या मोटारी माझ्याकडे येतात. संध्याकाळी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत आलो. गणपती, नवरात्र, गावोगावच्या जत्रा, हळदीचे कार्यक्रम, काही सोडलं नाही. 'हा तांब्याची तार गुंडाळतो, म्हणजे गिटारचंही ह्याला कळत असणार' अशी पोरांची समजूत झाली, आणि आता मोटारींच्या रांगेत गिटारीही उभ्या असतात. त्यांतल्या बहुतेक गिटारींना काहीही झालेलं नसतं. व्हॉल्यूम दहावर, टोन दहावर, पिकअप निवडायचा स्विच ब्रिजच्या (तारा गिटारच्या अंगावर जिथं टेकतात त्या) टोकाला, अँपवर गेन (आवाज किती फुगवायचा तो नॉब) पूर्ण आणि मिडल (मधले सूर) शून्यावर. एवढं सगळं टोकाला नेऊन ठेवल्यावर पोरगं म्हणतं, 'काका, आवाज येतोय, पण मजा येत नाही.' कशी येईल?

माझं म्हणणं एवढंच आहे. नवीन काही विकत घेण्याआधी गिटारवर जे नॉब बसवूनच आले आहेत ते वापरा. त्यांचे पैसे तुम्ही आधीच मोजलेत.

पिकअप बदला म्हणणाऱ्यांपासून सुरुवात करतो, कारण तो माझा प्रांत. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याच्याभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. स्ट्रॅटोकास्टर (फेंडर कंपनीची गाजलेली गिटार, थोडक्यात 'स्ट्रॅट') पद्धतीच्या पिकअपला साधारण ७ ते ८ हजार वेढे असतात आणि तार जेमतेम ०.०६ मिलिमीटर जाडीची. माझ्या मोटारीतली तार तिच्यापुढं दोरखंडच. वरची पोलादी तार चुंबकासमोर थरथरली की कॉइलमध्ये वीज तयार होते. मायकेल फॅरडेनं १८३१ मध्ये जे दाखवलं, ज्यावर जनित्र चालतं, तेच हे तत्त्व. यात झिजण्यासारखं काही नाही. मोटारीसारखा त्यातून मोठा करंट जात नाही, त्यामुळं जळण्याचाही प्रश्न नाही. कॉइलची तार तुटली असेल तर मल्टिमीटर लगेच सांगतो. गिटारचा व्हॉल्यूम दहावर ठेवून, केबल लावून, केबलच्या दुसऱ्या टोकाला मीटर धरा. साध्या सिंगल कॉइलला ६ किलोओमच्या आसपास, दोन कॉइलच्या जाड हंबकर पिकअपला ८ च्या आसपास आकडा दिसला, तर पिकअप धडधाकट आहे. त्याची जात वेगळी असू शकते, ती एखाद्याला आवडणार नाही, पण ती आवडनिवड कळायला आधी आहे ते वाद्य फिरवून बघावं लागतं.

आता व्हॉल्यूम. याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळा घोळ इथंच आहे. आपल्याला टीव्हीच्या रिमोटची सवय. व्हॉल्यूम कमी म्हणजे आवाज बारीक, इतकंच. गिटारवरच्या व्हॉल्यूमचं काम मुळात अँपला किती जोरानं ढकलायचं हे ठरवणं. अँपचा गेन वाढवून ठेवलेला असेल, तर गिटारकडून जेवढं जास्त येईल तेवढा आवाज फाटतो, म्हणजे डिस्टॉर्शन येतं. गिटारवर हात आखडता घेतला की तेच अँप, तोच गेन, पण आवाज स्वच्छ होत जातो. त्यामुळं मी पोरांना नेहमी उलटीकडून सुरुवात करायला लावतो. गिटार दहावर ठेवायची, मुखड्याआधीच्या सोलोला जेवढी धार पाहिजे तेवढा अँपचा गेन घ्यायचा, आणि मग अँपला हात लावायचा नाही. आता गिटारचा नॉब सातवर आणा. कॉर्ड मोकळी होते, सहाही तारा वेगवेगळ्या ऐकू येतात. चारवर आणा. गायिका कडवं म्हणतेय आणि तुम्ही मागं हळूच छेडताय, त्याला हा आवाज. तीन पेडल विकत घेऊन पायानं जी कसरत करायची, ती करंगळीनं झाली. २०२३ मध्ये गेलेला इंग्लिश गिटारवादक जेफ बेक मिजराब-पिक काही न घेता बोटांनी वाजवायचा आणि त्याची करंगळी सतत त्या व्हॉल्यूमच्या नॉबवर असायची. सुराच्या आधी नॉब शून्यावर, सूर निघाला की हळूहळू वर. आघात ऐकूच येत नाही, सूर नुसता उमलत येतो. हे आपल्या कुठल्याही क्लासात पहिल्या महिन्यात शिकवता येईल. शिकवत मात्र नाहीत.

इथं एक खरी अडचण आहे, ती लपवत नाही. व्हॉल्यूम खाली आणला की आवाजाबरोबर चकाकीही जाते, आणि पोरं घाबरून परत दहावर जातात. कारण साधं आहे. नॉब खाली आला की त्या पॉटचा (नॉबखालच्या फिरत्या रेझिस्टरचा) रेझिस्टन्स कॉइल आणि केबलच्या मधे येऊन बसतो. गिटारच्या केबलला स्वतःचा कपॅसिटन्स (वीज साठवायचा गुण) असतो, मीटरला साधारण १०० पिकोफॅरड. सहा मीटर केबल म्हणजे ६०० झाले. हा रेझिस्टन्स आणि हा कपॅसिटन्स मिळून वरचे सूर गाळून टाकतात. इलाज दोन. पहिला फुकटचा. सराव घरच्या खोलीत करत असाल तर दहा मीटरची केबल वापरू नका, तीन मीटरची पुरते. दुसरा इलाज दहा-वीस रुपयांचा. व्हॉल्यूम पॉटच्या इनपुट आणि आउटपुटच्या पायांमधे १,००० पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याला समांतर १५० किलोओमचा रेझिस्टर सोल्डर करायचा. याला ट्रेबल ब्लीड म्हणतात. मग व्हॉल्यूम पाचवर असला तरी ट्रेबल शाबूत राहतो. काही जुन्या वादकांना तो आवडत नाही, ते म्हणतात की आवाज मऊ व्हावा म्हणूनच तर आम्ही नॉब खाली आणतो. त्यांचंही खरं आहे. मी माझ्या एका गिटारला लावलाय, दुसरीला नाही.

स्वस्त गिटारींत आणखी एक गंमत आढळते. पॉट उघडून बघितला की पाठीवर 'बी ५००के' असं छापलेलं असतं. 'बी' म्हणजे लिनिअर पॉट. आपला कान आवाज ज्या हिशेबानं मोजतो त्या हिशेबानं तो फिरत नाही. दहापासून पाचपर्यंत आणलं तरी फारसा फरक कळत नाही आणि मग दोन-तीनच्या खाली आवाज एकदम गडप. पोराला वाटतं नॉबचा काही उपयोगच नाही. व्हॉल्यूमला 'ए' मार्कचा, म्हणजे लॉग पॉट लागतो. सिंगल कॉइलला २५० किलोओम, हंबकरला ५०० ही सर्वसाधारण पद्धत. मोठ्या आकड्यानं आवाज उजळ होतो, छोट्यानं मऊ. त्यामुळं सिंगल कॉइलच्या गिटारला कारखान्यात ५०० चे पॉट लावलेले असतील आणि आवाज कानाला टोचत असेल, तर शे-दोनशे रुपयांत तक्रार मिटते. पिकअप बदलण्याच्या खर्चाशी ताडून बघा.

टोनचा नॉब तर बिचारा बहुतेक गिटारींवर कधी फिरवलेलाच नसतो. त्याच्या पोटात एक कपॅसिटर असतो, हंबकरच्या गिटारींत सहसा ०.०२२ मायक्रोफॅरडचा, सिंगल कॉइलच्या गिटारींत बऱ्याचदा ०.०४७ चा. नॉब खाली आणला की उंच सूर त्या वाटेनं जमिनीत जातात. शून्यावर आणलं की आवाज नुसता घोंगडीखाली जातो असं लोक समजतात, पण तसं होत नाही. कॉइल आणि कपॅसिटर मिळून कंपनाचा एक उंचवटा तयार करतात, म्हणजे एका ठराविक पट्टीतले सूर जास्त उठून येतात. एरवी तो ३ ते ५ हजार हर्ट्झच्या दरम्यान असतो, टोन पूर्ण बंद केला की तो पाचसहाशे हर्ट्झच्या घरात उतरतो. त्यामुळं आवाज नाकातून आल्यासारखा, माणसाच्या गळ्याच्या जवळचा होतो. वर थोडं डिस्टॉर्शन दिलं की सोलो गातोच. इंग्लिश गिटारवादक एरिक क्लॅप्टननं साठच्या दशकाच्या उत्तरार्धात हेच केलं आणि त्याला 'वुमन टोन' हे नाव पडलं. मराठी भावगीताच्या मधल्या तुकड्याला हा आवाज इतका बसतो की ऐकणाऱ्याला वाटतं कीबोर्डवाल्यानं काहीतरी नवीन काढलं.

रोजच्या वाजवण्यात मी टोन सहा-सातच्या पुढं नेत नाही. ब्रिज पिकअपवर तर पाचसुद्धा पुष्कळ. फेंडरनं १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर काढली तेव्हा तिच्या ब्रिज पिकअपला टोनचा नॉबच जोडलेला नव्हता. तीन नॉब, एक व्हॉल्यूम, एक टोन नेकच्या (मानेकडच्या) पिकअपचा, एक टोन मधल्याचा. आजही त्याच नकाशावर बनवलेल्या कितीतरी गिटारी बाजारात आहेत, आणि पोरं ब्रिज पिकअप लावून शेवटचा नॉब फिरवत बसतात, 'काका, हा नॉब चालत नाही' म्हणतात. चालतो. तो त्या पिकअपचा नाही. आतली एक वायर हलवून तो ब्रिजला जोडून देता येतो आणि मी सर्रास तसं करून देतो.

स्विचचंही तेच. तार ब्रिजजवळ फारशी हलत नाही, तिथं मूळ सुराच्या मानानं वरचे अंश जास्त मिळतात, म्हणून ब्रिजचा आवाज बारीक आणि धारदार. नेककडं तार मोकळी डुलते, तिथला आवाज भरीव. मधल्या जागा ही वादकांची करामत. सुरुवातीच्या स्ट्रॅटोकास्टरला तीनच खाचांचा स्विच होता. लोकांनी तो दोन खाचांच्या मधे अडकवून ठेवायला सुरुवात केली, कधी काडी लावून, कधी नुसता अंदाजानं, कारण दोन पिकअप एकत्र वाजले की एक पोकळ, घंटेसारखा सूर निघायचा. कंपनीनं पाच खाचांचा स्विच स्वतःहून बसवला तो १९७७ मध्ये. म्हणजे जुगाड फक्त आपल्याकडंच चालतो असं नाही. दुसऱ्या आणि चौथ्या खाचेचा आणखी एक फायदा आहे. आजच्या बहुतेक गिटारींत मधला पिकअप उलटा गुंडाळलेला आणि उलट्या चुंबकाचा असतो, त्यामुळं या दोन जागांवर लाइटीची घुरघुर एकमेकांत मिटून जाते. दोन उलटी कॉइलं जोडून घुरघुर मारायची, याच तत्त्वावर गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरनं १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, तोच हंबकर.

घुरघुर म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची. मंडपात जनरेटर, ट्यूबलाइट, एलईडीच्या माळा आणि अर्थिंगच्या नावानं ठणठण. तारांना हात लावला की घुरघुर कमी होते का बघा. होत असेल तर गिटारचं वायरिंग ठीक आहे. पण माइकला ओठ लागल्यावर झटका बसत असेल, तर तो टोनचा विषय नाही, वाजवणं ताबडतोब बंद करा आणि मंडपवाल्याला अर्थिंग करायला लावा. गिटारच्या तारा अर्थला जोडलेल्या असतात, मधे फक्त तुमचं अंग. मोटारीचं काम करणारा माणूस म्हणून सांगतो, यात थट्टा नाही.

एक गोष्ट स्क्रू-ड्रायव्हरनं होते आणि कोणी सांगत नाही. कसबा बावड्याचा एक पोरगा गिटार घेऊन आला. 'काका, ट्यूनर बरोबर दाखवतो, पण वरच्या फ्रेटांवर सूरच लागत नाही.' जाड तार बाराव्या फ्रेटच्या (मानेवरच्या आडव्या पट्टीच्या) पुढं वाजवली की एकाच सुरात दोन सूर लहरत होते. क्लासात त्याला नेक वाकडी झाली असं सांगितलेलं, खर्चाचा आकडाही दिलेला. बघितलं तर कोणीतरी 'आवाज मोठा येतो' म्हणून नेकचा पिकअप पार वर चढवून ठेवला होता. स्ट्रॅट पद्धतीच्या पिकअपचं चुंबक जोरकस असतं, ते तार स्वतःकडं ओढतं, तिला मोकळं डुलू देत नाही. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरायची आणि तारेच्या खालच्या कडेपासून पिकअपमधल्या चुंबकाच्या माथ्यापर्यंत अंतर मोजायचं. जाड तारेकडं साधारण २ मिलिमीटर, बारीक तारेकडं १.६. तिथून कानानं पुढं-मागं. दोन्ही बाजूंचे स्क्रू थोडे थोडे उलटे फिरवले, पोरानं तोच सूर परत वाजवला आणि स्वतःच हसायला लागला. आवाज किंचित बारीक झाला, पण त्याला श्वास आला.

आता त्या पालकांच्या सतारीकडं येतो. त्यांनी कधी मिरजेत सतारमेकर गल्लीत जाऊन जवारी काढताना बघितलंय का? तंबोऱ्याच्या घोडीचा माथा कानसेनं इतका हलक्या हातानं घासायचा की काय निघालं ते डोळ्याला दिसत नाही, मग तारेखाली सूत सरकवायचं, केसभर पुढं, केसभर मागं, आणि एका जागी तो खर्ज असा उघडतो की खोली भरते. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते या हातासाठी. १८८३ पासून देवल क्लब ही गायनसंस्था चालवणाऱ्या, शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादिया खाँसाहेबांचं गाणं ऐकलेल्या आपल्या कोल्हापूरला हे नव्यानं सांगायची गरज नाही. तंबोरा लावायला अर्धा तास लागला तर आपण कौतुकानं थांबतो. गिटारवाल्यानं साउंडचेकला दहा मिनिटं मागितली की आयोजक घड्याळ दाखवतात. आणि हे वाद्य काही काल आलेलं नाही. विजेची पहिली चालणारी गिटार १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बनली, ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन पद्धतीची. तीच पद्धत आपल्या हिंदी सिनेमात व्हॅन शिप्ले, हजारा सिंग यांच्या हातून घराघरांत पोचली. आपल्या आजोबांनी रेडिओवर डोलत ऐकलेले ते मींडेचे सूर याच वाद्याचे होते.

अँपबद्दल थोडक्यात. घरी हळू आवाजात वाजवताना पोरं बास आणि ट्रेबल वर, मिडल खाली असं लावतात, कारण तसं भारदस्त वाटतं. कमी आवाजात आपल्या कानाला खालचे आणि अगदी वरचे सूर कमीच ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलंय. तेच सेटिंग घेऊन स्टेजवर गेलं आणि आवाज वाढवला की बास ढोलाच्या अंगावर जातो, ट्रेबल झांजेच्या, आणि गिटार गायब. गिटारची खरी जागा मधल्या पट्टीत आहे. बऱ्याच अँपमधे तर तिन्ही नॉब पाचवर ठेवले तरी मधे खड्डा पडलेलाच असतो, मग मिडल शून्यावर नेऊन आणखी काय उरणार? मिडल सहा-सातवर घ्या, बास चारवर आणा, आणि घरी एकट्यानं ऐकताना तो आवाज थोडा बसका वाटला तरी बदलू नका. बँड सुरू झाला की कळेल.

मिरवणुकीतल्या डॉल्बीनं आपल्या पोरांचे कान असे करून ठेवलेत की छातीत धडधडलं नाही तर आवाज आला असं त्यांना वाटतच नाही. तो वेगळा विषय, त्यावर आपल्याच अंकात भरपूर पत्रं येतात.

साउंडवाल्या मंडळींना मात्र एक विनंती. गिटारची केबल सरळ मिक्सरच्या लाइन इनपुटमधे खुपसू नका. गिटारला १ मेगाओमच्या आसपासचा इनपुट लागतो, लाइनचा असतो साधारण १० किलोओम. पिकअपवर एवढं ओझं टाकलं की वरचे सूर तिथंच मरतात, आणि मग तुम्ही मिक्सरवर ट्रेबल चढवता, गिटारवाला दहावर जातो, दोघंही एकमेकांना शिव्या देतात. मधे एक ॲक्टिव्ह डीआय बॉक्स (गिटार आणि मिक्सर यांची जुळणी करणारा डबा) टाका, नाहीतर अँपसमोर माइक लावा. डिस्टॉर्शन असेल तर माइकच. गिटारचा स्पीकर ५ हजार हर्ट्झच्या वर फारसं काही देत नाही, ती त्याची कमतरता डिस्टॉर्शनला गोड करते. तेच डिस्टॉर्शन थेट मोठ्या स्पीकरच्या ट्वीटरवर गेलं की कानात करवत चालते. प्रोसेसर असेल तर त्यात कॅबिनेटची, म्हणजे गिटारच्या स्पीकरची नक्कल करायची, सोय असते, ती चालू आहे का तेवढं बघा.

आणि पावसाळा. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात गिटारच्या तारा गंजतात आणि पॉट खरखरतात. खरखर आली की पॉट बदलू नका. नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत भरभर फिरवा. नाही गेली तर पॉटच्या भोकातून काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा द्या आणि परत फिरवा. घरातला दरवाज्याच्या बिजागरीला मारायचा तेलकट स्प्रे तिथं मारू नका, धूळ चिकटून आणखी वाट लागते. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्यानं पुसून ठेवा. मेलेल्या तारांना जगातला कुठलाही टोन नॉब जिवंत करत नाही, आणि नव्या तारांचा सेट हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत स्वस्त खर्च आहे.

त्या पालकांनी प्रोसेसर सध्या घेऊ नये. कधीच घेऊ नये असं नाही, माझ्याकडंही आहे, गावोगावी अँप उचलून नेण्यापेक्षा बरा पडतो. पण पोराला आधी महिनाभर एकच काम द्यावं. एक गिटार, एक अँप, पेडल नाही. गिटारचे नॉब फिरवून रोज ऐकलेल्या एखाद्या गाण्यातला आवाज शोधायचा आणि सापडला की आकडे वहीत लिहायचे, स्विच कुठं, व्हॉल्यूम किती, टोन किती. मग पालकांनी शेजारी बसून ते आवाज स्वतः ऐकावेत. एवढं करूनही जमलं नाही तर संपादकांकडं माझा पत्ता दिलेला आहे. रविवारी दुपारी मोटारी नसतात, तेव्हा गिटार घेऊन यावं. पैसे घेणार नाही. फक्त येताना तीच केबल आणा जी घरी वापरता, कारण निम्म्या वेळा दोष तिथंच निघतो, आणि तारांचा नवीन सेट आणा. गंजक्या तारांवर मी नॉब फिरवत बसणार नाही.

आपला,
एक मोटार रिवाइंडर आणि ऑर्केस्ट्रातला गिटारवाला,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर